कावळ्याला दिलेला शब्द

अण्णांच्या पिंडाला कावळा शिवला तो माझ्या शब्दावर, आणि त्या शब्दाची मी दोन दिवसांत माती केली.

वडिलांच्या दहाव्याला आम्ही भाईंदरच्या खाडीवर उन्हात उभे होतो. कावळे भरपूर, पण पिंडाकडे एकही फिरकेना. काका म्हणाले, "इच्छा राहिलीय त्याची. शब्द द्या." मी म्हणालो, आईला सांभाळीन. कावळे ढिम्म. (हे मला जरा लागलं.) काकांनी गावच्या घराचं छप्पर कबूल केलं. तरी ढिम्म! भटजी दर्भाचा कावळा करायला लागले, तेव्हा मला आठवलं. हॉस्पिटलात अण्णा सारखं म्हणायचे, "विळीला धार लावायची राहिली रे." मी हात जोडले. "अण्णा, विळीला मी धार लावतो." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा आला आणि भात घेऊन गेला. काका रडले. मीही रडलो.

विळी आईची. लग्नात रत्नागिरीहून आलेली, जुन्या पोलादी पात्याची. अण्णा गॅलरीत दगड घेऊन ती घासायला बसायचे आणि आई तांब्याने वरून पाणी सोडायची. दोघं एक अक्षर बोलायची नाहीत. अण्णा गेल्यापासून आई आमच्याशीही बोलत नव्हती, रडतही नव्हती. एवढंच म्हणाली होती, "तेराव्याला त्यांच्या आवडीची फणसाची भाजी मी करणार. माझ्या विळीवर."

आता दगडावर घासत कोण बसणार? (मी असिस्टंट मॅनेजर आहे.) शांती नगरात आमच्या शेजारी हेमंतभाई राहतात, त्यांचा लोखंड घासायचा ग्राइंडर मागून आणला.

"पानी रखना साथ में, गरम होगा," ते म्हणाले.

"ग्लव्ज है ना," मी म्हणालो.

ग्लव्ज चांगले कोपरापर्यंतचे होते. मला काहीही भाजलं नाही. पाण्याची बादलीही भरून ठेवली होती, पण ती ठिणग्यांनी पडदा पेटला तर म्हणून. मी मशीन दाबून धरलं. धारेवर आधी पिवळा रंग चढला, मग जांभळा, मग सुंदर मोरपंखी निळा! मला वाटलं, इतक्या वर्षांचा कळकटपणा जाऊन पात्याचा असली रंग निघाला. फोटो काकांना पाठवला. त्यांनी अण्णांच्या आत्म्याला शांती लाभल्याचं कळवलं.

तेराव्याच्या सकाळी आई पाटावर बसली. पात्याला तेल लावलं, फणस दोन्ही हातांनी धरला आणि पात्यावर दाबला. फणसाला ओरखडा आला. धार मात्र सबंध एका बाजूला वळली.

आईने त्या निळ्या कडेवरून अंगठा फिरवला. "पाण्यात बुडवत नव्हतास?"

"नाही."

"मग हाताला चटका कसा नाही बसला?"

"ग्लव्ज घातले होते."

"उघड्या हाताने धरायचं असतं ते. बोटाला सोसेना झालं की पाणी. ह्यांची बोटं बघितली नाहीस कधी?" ती म्हणाली. "जाळलंस पातं. कडकपणा गेला त्याचा."

आणि मग ती रडली. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा, पदर तोंडाला लावून, हुंदके देत. ते पात्यासाठी की अण्णांसाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. फणस शेवटी काकांनी खालच्या नारळवाल्याच्या कोयत्याने फोडला. भाजी झाली, पण आईने ती खाल्ली नाही.

पाहुणे गेल्यावर तिने गॅलरीत दगड आणून ठेवला आणि तांब्या भरून घेतला. "बस. निळं जाईपर्यंत घास." तेव्हापासून रोज ऑफिसातून आलो की मी घासतोय आणि ती पाणी सोडतेय. पातं अरुंद झालंय, माझी बोटं झिजून अण्णांसारखी दिसायला लागलीत, आणि निळं अजून थोडं उरलंय.

गॅलरीच्या ग्रिलवर हल्ली एक कावळा येऊन बसतो. आई म्हणते, भुकेला असेल, पोळी टाक. मी टाकतो. तो पोळीकडे बघतही नाही. मान वाकडी करून माझे हात बघतो, ग्लव्ज घातलेत का म्हणून.