काकांचा विलायती बँड

"बँड स्टेजवर फुटत नसतो, घरी फुटतो." पुंडलिकनगरातले आमचे शेजारी काका हे बोलताना चष्मा कपाळावर ढकलायचे. मग समजायचं, आता विलायतेची गोष्ट येणार.

बँड इंग्लंडातल्या चार पोरांचा, न्यू वेव्ह म्हणतात त्या जातीची गाणी वाजवणारा. शहागंजच्या जुन्या बाजारात काकांना त्यांची कॅसेट सापडली अन् जन्माचं नातं जुळलं. इंग्रजी अर्धंमुर्धंच कळायचं, पण कोण कुणावर रुसलं ते सगळं ठाऊक. "गाणाऱ्याच्या डोक्यात हवा गेली. गिटारवाला लई मानी. ड्रमवाला बिचारा दोघांमधी सापडला." तुम्हाला वाटावं, चुलतभावांचंच चाललंय. एक गाणं जगभर वाजलं, थोडे दिवस पोरं गाजली, मग चौघांची तोंडं चार दिशांना.

टेप सुरू झाला की आतून काकू ओरडायच्या, "बंद करा ते! कुकरची शिट्टी ऐकू येईना." काका आवाज कमी करायचे, जरा वेळानं पुन्हा वाढवायचे. रोज संध्याकाळी हेच.

पुढं काकांच्या दोन्ही मुलांचं फाटलं. घर विकलं. थोरला मुकुंदवाडीला, धाकटा पडेगावला, शहराच्या दोन टोकांना. वाटणीच्या बैठकीत फ्रीज, कपाट ठरलं, आणि थोरला म्हणाला, "बाबा माझ्याकडं, आई तुझ्याकडं." आपल्याकडं असं करतात, तुम्हीही पाहिलं असेल. विलायतेतलं भांडण तोंडपाठ असलेला माणूस नुसता चष्मा पुसत बसला. माझं डोकंच फिरलं! पण शेजाऱ्याचं कोण ऐकतं? काकूंनी एवढंच विचारलं, "ह्यांच्या गोळ्या कोण देईल?"

टेप काकांबरोबर मुकुंदवाडीला गेला. एकदा भेटायला गेलो तर म्हणाले, "चौघं आली बरं का एकत्र. मोबाईलवर पाहिलं. टकली झालीत, पण वाजवतेत." मग हळूच म्हणाले, "आपली पोरंबी येतील. पण आमच्याकडं तेवढी वर्षं नायत." टेपकडं हात करून म्हणाले, "आता कितीबी मोठ्यानं लावा, कुणी ओरडत नाय."

दिवाळीआधीच काका गेले.

तेरावं झाल्यावर टेप मीच पडेगावला पोचवला. काकू स्वयंपाकघरात होत्या. मी कॅसेट लावली आणि मुद्दामच आवाज वाढवला. कुकरची शिट्टी झाली, ती धड ऐकूही आली नाही. मी वाट बघत उभा राहिलो. आता ओरडतील, आता ओरडतील.

काकू पदराला हात पुसत दारात आल्या.

"अजून वाढव," म्हणाल्या.