काच काढलेलं घड्याळ

आक्काताईंनी सलग तीन दिवस संध्याकाळचं जेवण सोडलं, हे शेजारच्या बनुबाईनं साताऱ्याला फोन करून कळवलं आणि रविवारी पहिल्या एसटीनं त्यांचा मुलगा जिनपाल सांगलीजवळच्या गावी उतरला, तो आईला घेऊन जायचं ठरवूनच.

काचबिंदूनं आक्काताईंची नजर गेलेली. तरी पाच वर्षं त्या एकट्याच राहत. स्टोव्ह, डबे, फडताळ, सगळं हाताला पाठ. धान्य तेवढं बनुबाई निवडून देई. एखादी अळी शिजून पाप लागायला नको. अडलं ते सूर्यापाशी. जैनाघरचं जेवण दिवस मावळायच्या आत. एरवी मागच्या भिंतीवरचं ऊन त्या हातानं ओळखत. पण श्रावणात आभाळ भरून राहिलं, बनुबाई रानात. दिवस मावळला असेल तर, या भीतीनं त्या उपाशीच निजल्या.

"बनुबाई रानातनं आली तवा तू निजलेली म्हणं," जिनपाल म्हणाला. "चांगला उजेड हुता."

"उजेड तुमाला."

"म्हणून तर चल. तिकडं समदं हातात मिळंल."

"त्येच नको. तिथं दाराची कडी कुठं हाय ते बी सुनेला विचारायचं. हितं मी कुणाला काय विचारती? एक दिवस मावळायचा सोडून."

जिनपाल उठून फळीपाशी गेला. तो कारखान्यात फिटर. त्यानं फळीवरचं चावीचं घड्याळ काढलं, पुढची काच उचकटली आणि आईची बोटं काट्यांवर टेकवली. "आखूड तासाचा. हलकं धर."

आक्काताईंनी काटा ढकललाच. "साडेबारा वाजल्यात, तू पाच केलंस," जिनपाल काटे परत जागेवर आणत म्हणाला.

"मग वाढ ताट," आक्काताई म्हणाल्या.

दुपारभर त्या घड्याळ चाचपत बसल्या. जिनपालनं कॅलेंडरातल्या सूर्यास्ताच्या वेळा चाळल्या. "थंडीत बी पावणेसहाच्या आधी मावळत न्हाई. तू बारा म्हईने पाचला जेव."

"मला भूक बी पाचलाच लागती," आक्काताई म्हणाल्या. "कुणी विचारलंच न्हाई."

मग बोटं फिरवून त्यांनी सांगितलं, "पाचाला दोन मिन्टं कमी."

जिनपालनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि पाट मांडले. आक्काताई दोन भाकऱ्या जेवल्या, चूळ भरून म्हणाल्या, "तुझी गाडी हाय ना? ऊठ. मला भांडी घासायची हाईत."

गाडीत जिनपालला खिडकीची जागा मिळाली. आई साताऱ्याच्या दोन खोल्यांच्या घरात निजणार कुठं, हा घोर त्यानं बायकोलासुद्धा सांगितला नव्हता. आता सांगायची गरजही नव्हती. कऱ्हाड यायच्या आत त्याचा डोळा लागला.