कमानीखालचा रविवार

शांतवन मास्तर गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर कळवलं. "काका, पप्पा गेले..." पुढं तिला बोलवेना. आमची ओळख झाली ती त्यांच्या गावच्या चर्चमुळं. शिरूर अनंतपाळकडच्या त्या खेड्यात निजामाच्या काळात गोऱ्या मिशनऱ्यांनी काळ्या दगडात अन् चुन्यात बांधलेलं अँग्लिकन चर्च आहे. टोकदार कमानी विलायती, पण वेदीसमोरच्या कमानीच्या माथ्यावर इथल्याच पाथरवटांनी कोरलेलं कमळ! आमच्या लिंगायत मठातही अगदी तसंच आहे. मास्तर शाळेत शिकवायचे, रविवारी उपासना चालवायचे. कमानीला तडा गेला, म्हणून त्यांनी मला, निवृत्त इंजिनिअरला, उदगीरहून बोलावून घेतलं.

पोचलो तेव्हा उपासना चालू होती. वर पाहिलं, तर तड्यातून चुना गळत होता... भुरभुर, न थांबता. मी कडेकडेनं पुढं गेलो आणि मास्तरांच्या कानाशी म्हणालो, "लोकांना बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता."

चर्च भरलेलं, दार एकच. कुणी नुसतं ओरडलं असतं तरी चेंगराचेंगरी झाली असती. मास्तरांनी एकदाच वर पाहिलं आणि गाणं सुरू केलं. मग म्हणाले, "गाणं थांबवू नका. मागच्या बाकापासून गातगात बाहेर चला."

एका म्हातारीनं विचारलं, "काय झालं हाय, मास्तर?"

"काय न्हाई, मावशी. आज लिंबाखाली प्रार्थना करू."

बाक रिकामे होत गेले. मास्तर मात्र कमानीखालीच उभे राहून गात होते. ते तिथं उभे होते म्हणूनच लोक घाबरले नाहीत. मी दारातून हातानं बोलावत होतो. सगळ्यांच्या मागून ते निघाले, अर्ध्यावर आले, तोच कमान कोसळली. धुळीत काहीच दिसेना... मग खोकल्याचा आवाज आला. ते बाहेर येऊन पायरीवर बसले.

"लई पडलं का हो, सर?" त्यांनी मला विचारलं.

"कमान गेली. भिंती हायत."

"मग बांधू."

सगळं पाडून स्लॅब टाकावा, असं बऱ्याच जणांचं मत होतं. मास्तर हटले नाहीत. तेच दगड, तोच चुना, माथ्यावर कोपरा उडालेलं तेच कमळ. त्यांच्या अंत्यविधीची प्रार्थना त्याच कमानीखाली झाली.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. अलीकडं मास्तरांना ऐकू कमी यायचं, त्यामुळं त्यांच्या पत्नीला, राहेलवहिनींना, मोठ्यानं बोलायची सवय लागलेली. "च्या टाकू का?" त्या ओरडल्या. मी समोरच, हाताच्या अंतरावर बसलो होतो. त्यांच्याही ते ध्यानात आलं... हळू आवाजात त्यांनी पुन्हा विचारलं.