मध्येच म्हटलेलं आमेन

आमच्या पारनेर तालुक्यातल्या ख्रिस्ती मंडळीत रविवारची उपासना संपली की ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना हवी असते, ते बाजूच्या खोलीत येतात. बाईसाठी दोघी बायका, दार अर्धं उघडं, आणि अंगावर हात ठेवायचा तर आधी विचारायचं. पाळकसाहेबांनी हे नियम घातले तेव्हा मावशींनी नाक मुरडलं होतं. मावशी म्हणजे माझ्या जोडीला असणाऱ्या वयस्क बाई. मनानं सोनं, पण आवाज असा, की देव जणू पुण्याला राहतो. त्यात आम्हा सगळ्यांचीच खोड अशी, की देवाला सगळं ठाऊक असलं तरी आम्ही त्याला गावासकट, नात्यासकट सविस्तर सांगतो.

त्या रविवारी मंडळीतली एक तरुण सून आली. खांद्यावर हात ठेवू का, असं मी विचारलं तर ती मागे सरकली. खांदा दुखतोय म्हणाली. मग हळूच सांगितलं, नवरा मारतो, आणि मी इथं बोलले हे सासूला कळलं तर आज माझी खैर नाही. सासू हिला घेऊन जायला बाहेर ओट्यावरच बायकांशी बोलत बसली होती.

मावशींचे डोळे भरून आले. मी काही म्हणायच्या आत त्यांनी हात जोडले आणि सुरू केलं, "हे परमपित्या, या लेकराला तिचा नवरा..."

"आमेन," मी मध्येच म्हणाले. चांगलं खडसावून म्हणाले. मावशी डोळे उघडून माझ्याकडे बघतच राहिल्या. ओट्यावरचं बोलणं थांबलं होतं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मला मावशींचा असा संताप आला की काय सांगू! पण संतापायला वेळ कुठं होता?

मी पोरीलाच विचारलं, तुला काय हवंय? तिला कर्जतला आईकडे जायचं होतं. मग बाहेर जाऊन मी सासूबाईंना सांगितलं, हिचा खांदा सुजलाय, दवाखान्यात दाखवून आणते. घरी मलम आहे, म्हणाल्या. तुमचं मलम राहू द्या, म्हटलं, आणि रिक्षा बोलावली. मावशी रिक्षात पोरीशेजारी जाऊन बसल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर पोरीनं खरं काय ते सांगितलं. हाड मोडलं नव्हतं, देवाची कृपा. तिनं भावाला फोन केला, तो लगेच निघाला. पोलिसांकडे जायचं का, ते तो आल्यावर ठरवीन म्हणाली. आम्ही रेटलं नाही.

बाकावर वाट बघत बसलो. मावशी रिक्षात बसल्यापासून पदरानं डोळे पुसत होत्या, आता मला त्यांची कीव आली. मोडायला आलेल्या किती संसारांसाठी त्यांनी प्रार्थना केल्या होत्या! प्रत्येक प्रार्थनेत नवरा सुधारायचा आणि बायको नांदायला परत जायची. त्या बायकांना काय हवंय, हे विचारायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"बाळा," मावशी अगदी हळू म्हणाल्या, "काय मागू देवाकडं?"



"त्यो सुधरावा म्हनून नका मागू," ती म्हणाली. "त्यो दारात रडत आला की मी जाते परत. ह्या टायमाला मी जाऊ नये, तेवढं मागा."