बनियन वाळली का?

वारंगा फाट्यावर बातमी होती की शालूबाईचं डोकं सरकलंय. परदेशातल्या पोराला रोज फोन लावते. जेवलास का, पगार झाला का, हे काही नाही. एकच विचारते, "शिवा, बनियन वाळली का रेऽ?" हे मी नाकातून, शेवटचा 'रे' उंच ओढून म्हणायचो. टपरीवरची माणसं बशी खाली ठेवून हसायची.

डोकं जागेवरच होतं. शालूबाई तीस वर्षं कुरडया करून विकते. कुठल्या हवेत काय किती वेळात वाळतं, हे तिला कळतं. तिचा शिवशंकर कतारला, समुद्राकाठी, सळया बांधायच्या कामावर होता.

एकदा ऐन नकलेत तिनं मला मागून पकडलं.

"कर, कर. झकास करून राहिलास. पण मी काहून विचारते, ते ठाऊक हाय का?"

मी मोबाईल काढला. "मावशी, हे बघा. लंडन पंधरा, कतार अडतीस, आपला फाटा चव्वेचाळीस! शिवदादा आपल्यापेक्षा गारव्यात हाय."

"लंडनात कुरडई वाळंल का?"

"बुरशी येईल."

"मग आकडा काय चाटायचा? आपल्याकडं घाम सुकतो, सदऱ्यावर मिठाचा डाग राहतो. तिकडं हवाच ओली. घाम सुकत न्हाई, माणूस आतून कुरडईच्या चिकासारखा शिजतो. रात्री धुतलेली बनियन सकाळी ओली निघाली, तर मी त्याला परत बोलावणार. पण ते पोरगं सरळ सांगत न्हाई."

"वाळतच असंल. लावा पैज!"

"वाळली असंल तर उन्हाळाभर कुरडया तुझ्या. न्हाई तर माझा आवाज काढणं बंद. कायमचं."

सकाळी सातला तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"वाळली की माय! कडक वाळली."

मी रस्त्यावर नाचलो. शालूबाईनं त्याला बोलावलं नाही. तळलेल्या कुरडया मी उन्हाळाभर कुरकुर खाल्ल्या.

पोळ्याच्या आधी शिवदादा घरी आला. दोघांनी धरून जीपमधून उतरवला. वय एकोणतीस, तोंड सुजलेलं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, ओल्या उष्म्यात राबून दोन्ही किडन्या गेल्या. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस, अन् दिवसाला चारच पेले पाणी.

यंदाच्या मे महिन्यात फाटा पुन्हा चव्वेचाळीसवर गेला. शालूबाई सोऱ्या फिरवून प्लास्टिकवर कुरडया घालत होती. शिवदादा पत्र्याच्या सावलीत बाजेवर, मी त्याच्या पायाशी.

"त्या दिवशीची बनियन ओलीच होती," तो एकदम बोलला. "रोजच ओली. तशीच घालून जायचो. वाळली न्हाई म्हणलो असतो, तर मायनं बोलावून घेतलं असतं."

शालूबाईचा हात थांबला. पुन्हा फिरला. कुरडई वाकडी पडली, ती तिनं मोडून परत घातली.

"म्हंजे पैज मी जिंकले," ती म्हणाली. वर पाहिलं नाही.

दुपारचे दोन वाजले होते, अन् शिवदादाचा तिसरा पेला संपला होता.

"मायची नक्कल कर की," शिवदादा म्हणाला. "लई दिवस झाले हसून."

मी तोंड उघडलं. नाकात आवाज तयारच होता. शालूबाई माझ्याकडे बघत होती.

"न्हाई दादा," मी म्हणालो. "हरलोय मी."