उसवलेला मुंढा

सगळी गल्ली तिला टेपबाई म्हणायची, कारण मापाची टेप तिच्या गळ्यातून झोपतानाच काय ती उतरायची. पंचाहत्तरी उलटली तरी शिवणयंत्र चालूच. नवरा एकेकाळी विजेच्या खांबांवर सरसर चढणारा गडी, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने आडवा झाला. त्याला रोज बिछान्यातून खुर्चीत आणि खुर्चीतून बिछान्यात ती एकटी उचलायची. मुलाने बजावून ठेवलं होतं, "आई, तुला झेपेनासं झालं की बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवायचं. मग वाद घालायचा नाही." त्यामुळे उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा ब्र काढायची सोय नव्हती.

खांदा सुजला. दुसऱ्या कोणी डॉक्टर गाठला असता, हिने कात्री गाठली. शिवणीत जादा कापडाची भरपूर माया ठेवायची जुनी सवय कामाला आली. ब्लाऊजच्या उजव्या बाहीचा मुंढा उसवून तिने सैल केला. सूज वाढली तशी पुन्हा उसवला. काम इतकं बेमालूम, की लेकालाही पत्ता लागला नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने कपड्यावरूनच चाचपून "खांदा आखडलाय" म्हणत मलम दिलं आणि भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सांगितला. बोटं दर आठवड्याला आणखी खालीच अडकायची. स्वतःच्याच कसबाने बाई नाडली गेली!

मग एका सकाळी नवऱ्याला उचलताना तिचा हात मध्येच सुटला. नवरा खुर्चीच्या कडेवर आदळला. शेजारणीला त्याच्यापाशी बसवून ती इस्पितळात गेली.

तिथली हाडांची डॉक्टरीण वयाने लहान, पण खमकी होती. "आजी, ब्लाऊज काढा. कपड्यावरून मी काही सांगत नसते." खांद्यावर संत्र्याएवढी सूज. डॉक्टरणीने हात हलवला तर आत करकर वाजलं. स्वतःहून तो छातीच्या वर जाईना.

"कधीपासून आहे हे?"

तारीख काही आठवेना. टेपबाईने ब्लाऊज उलटा करून जुन्या टाक्यांच्या खुणा दाखवल्या. "हा पहिल्यांदा उसवला, ऐन थंडीत. मग हा. आणि हा गेल्या महिन्यात."

सुईने पाणी काढलं. वाटीभर, लालसर. टेपबाईने विचारलं, "कॅन्सर आहे का गं?"

"तपासल्याशिवाय बोलणार नाही, आजी."

चार दिवसांनी कळलं. कॅन्सर नव्हता, जंतूही नव्हते. पाण्यात चुन्यासारखे बारीक कण सापडले होते. एक्स-रेत हाडाचा गोळा झिजून वर सरकलेला दिसत होता, आणि त्याला धरून ठेवणारे स्नायू पार फाटले होते. "उतारवयात होतं असं. बायकांना जास्त, आणि बहुतेक कामाच्या हाताला," डॉक्टरीण म्हणाली. "दुखणं कमी करता येईल. पण वजन उचलणं आता संपलं."

संध्याकाळी मुलगा रिपोर्ट बघायला येणार होता. टेपबाई डाव्या हाताने नवऱ्याला भरवायला बसली. दुसऱ्याच घासाला त्याने तोंड मिटलं. हल्ली हे रोजचंच झालं होतं. आजार माणसाला आतून खातोय असं समजून तिने त्याचा सदरा दोनदा शिवणीत आत घेतला होता.

"अहो, खा ना. माझा हात गेला. यापुढे मला तुम्हाला उचलता येणार नाही हो," ती हुंदका देत म्हणाली.

त्याने मान हलवली. अर्ध्या तोंडातून शब्द सांडले, "नको. हलका... होतोय."

तिला आधी कळेचना. मग त्याने चांगला हात पुढे करून तिच्या मुंढ्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. "पहिल्यांदा... उसवलास ना... तेव्हापासून."

म्हणजे थंडीपासून. सगळ्या जगापासून लपवलेलं या एकट्याने बिछान्यात पडल्या पडल्या पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तो तिच्यासाठी उपाशी राहत होता.

जिन्यात मुलाची पावलं वाजली. "खा हो, एवढा एक तरी खा," म्हणत ती रडत रडत त्याच्या मिटल्या ओठांवर घास दाबत राहिली.