मोठाईचं वाळवंट

मोठाई साडीवर कापडी बूट घालायची. पांढरे, नाडीचे, पोरं पीटीच्या तासाला घालतात तसले. बाजारात तेच, लग्नात तेच, हळदीकुंकवालाही तेच. एखादी बाई टक लावून पायांकडे बघायला लागली की मोठाई साडी वीतभर वर उचलून तिलाच विचारायची, "तुले पाह्यजेन का वं? सांग, तुया मापाचे आणून देतो." समोरची लाजून चूर व्हायची आणि मोठाई पुढच्या घरी निघालेली असायची.

मोठाई म्हणजे माझी मोठी काकू. आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला मोठी आई म्हणतात, बोलता बोलता तिची मोठाई होते. ती अकोल्याला, आम्ही अमरावतीला. तिला जाऊन वर्ष होत आलं. नात्यातल्या एका पोरीने परवा मला म्हटलं, ताई, तुम्ही लिहिता, मोठाईवर काहीतरी गोड लिहा ना. लिहायला बसले. पण गोड लिहायला घेतलं की तिची पोरं डोळ्यांपुढे येतात आणि डोकं फिरतं. तेव्हा जसं येईल तसं लिहिते.

तिला बसलेला माणूस बघवत नसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी चुलत भावंडं अकोल्याला जमायचो, आणि सकाळी चहा पोटात जायच्या आत ती अंगणात उभी राहून ओरडायची, "उठा रे पोट्टेहो, बसून बसून माणसाचं पोतं होते!" मग तेल्हाऱ्याच्या रस्त्याला एस.टी.ने कुठेतरी उतरायचं आणि पूर्णेच्या कोरड्या पात्रात वाळू तुडवत चालायचं. एप्रिलचं अकोला! डोक्याला दुपट्टा, खिशात लू लागू नये म्हणून एकेक कांदा. माझी आई कपाळाला हात लावायची. "भैताड झाल्या का तुमी, लेकरं मराची ना!" मोठाई म्हणायची, "अकोल्याच्या उन्हात जो वाढला, त्याले वाळवंट काय करते?"

वाळवंट हे तिचं वेड होतं. तिचा भाऊ फौजेत होता, काही वर्षं जैसलमेरकडे. तो सुट्टीवर आला की सांगायचा, ताई, तिथं झाड नाही, भिंत नाही, नुसती वाळू, आणि चालून आलो की मागे वळून पाहावं तर आपलीच पावलं पुसलेली. हे ऐकून कोणाला भीती वाटेल. मोठाईला वाटलं की एकदा सगळ्या घराला घेऊन तिथं चालायला जावं. पूर्णेची वाळू ही तिची तालीम होती. "इथं जमलं तं तिथं जमते," म्हणायची.

चालण्याचा तिचा एकच कायदा होता. जो सगळ्यांत हळू, तो समोर. मी तेव्हा जाडी होते, दम लागायचा, त्यामुळे नरनाळ्याचा किल्ला चढताना कायम मी पुढे आणि मागे तिची दोन्ही पोरं, प्रवीण आणि मंगेश, दात ओठ खात. प्रवीण थोरला, पायाने हरीण. तो एकदा न राहवून म्हणाला, "या मोटीच्या पायी आमाले उशीर होऊन राहिला ना!" मोठाईने त्याचा कान धरला. "सर्वाच्या आधी पोचून वर कोणाले भेटतं रे? दगडाले?" त्या दिवशी महाकाली दरवाजापर्यंत सगळी वरात माझ्या पावलाने आली. लहानपणी मला कोणी इतका मान दिलेला आठवत नाही.

आणि खाणं! हॉटेलात ती पाय ठेवायची नाही. चिखलदऱ्याला जा, सेमाडोहला जा, आधी गोवऱ्यांचं पोतं गाडीच्या टपावर चढायचं, मग माणसं. दुपारी एखाद्या झाडाखाली गोवऱ्यांचे निखारे करून ती कणकेच्या जाड गोळ्यांचे रोडगे लावायची. वांग्याची भाजी, वरण, आणि राखेतून काढून फडक्यात झटकलेले रोडगे तुपात बुडवून. शेजारी तंबू ठोकून बसलेली पुण्यामुंबईची मंडळी बिस्किटं खात आमच्याकडे बघत राहायची. मोठाई त्यांनाही बोलवायची. "या ना, राख लागली तं फुकून खा." खाऊन जाताना ते पाया पडायचे आणि मोठाई त्यांच्या बुटांकडे बघून सांगायची की यात पाय सोलून निघतील.

एका बाबतीत मात्र ती कट्टर होती. घरातून निघालेल्या माणसाला कुठे चाललास म्हणून विचारायचं नाही. कोणी विचारलंच तर निघालेल्याला परत आत बसवायचं, पाणी द्यायचं, दोन मिनिटं थांबवायचं आणि मग नव्याने वाटेला लावायचं. ही रीत सगळीकडेच आहे, पण माणसं सोयीने पाळतात. मोठाई जिवापाड पाळायची. तळहातावर दही ठेवायची, "या मंग," एवढंच म्हणायची. ज्याला सांगायचं तो आपणहून सांगतो, हा तिचा हिशोब. आम्ही सांगतच होतो.

वाळवंट राहून गेलं. आधी सासूचं आजारपण, मग प्रवीणचं इंजिनीअरिंग, मग मोठेबाबा, तिचे यजमान, गेले, मग मंगेशचं लग्न. दर वेळी ती म्हणायची, "होऊ दे एवढं, मंग जाऊ सर्वेच." प्रवीण पुण्याला नोकरीला लागला तेव्हा स्टेशनवर तिच्या गळ्यात पडून म्हणाला होता, "आई, तुले मीच नेईन वाळवंटात." मी तिथेच उभी होते. ती त्या वाक्यावर पुढची कितीतरी वर्षं जगली. पाहुण्यांना सांगायची, "आमचा प्रवीण नेणार हाये मले." नातवंडं झाली. गुडघे गेले. तरी काठी घेऊन गच्चीवर फेऱ्या मारायची. मी विचारलं, कशाला एवढा त्रास? तर म्हणाली, "ऐन वेळी पाय म्हणाले नाई, तं पोट्ट्याईचा हिरमोड होईन वं."

गेल्याच्या आदल्या दिवाळीत प्रवीण नवी मोठी गाडी घेऊन अकोल्याला आला. भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही भाऊ, दोन्ही सुना, नातवंडं, सगळे तयार होऊन ओट्यावर. बॅगा गाडीत. मोठाईने रांगेने सगळ्यांच्या हातावर दही ठेवलं, चिवड्याचा डबा दिला, सुनेला सांगितलं की पोरांच्या डोक्याला बांधा, वारं लागते. कुठे म्हणून विचारलं नाही. तिला वाटलं प्रवीणच्या सासुरवाडीला मोर्शीकडे चालले असतील. "या मंग," म्हणाली. आणि ते गेले.

मंगेशच्या बायकोचा मला आदल्या दिवशीच फोन आला होता. ताई, आम्ही जरा बाहेर चाललोय, आई एकट्या आहेत, चार दिवस येऊन राहाल का? मी आनंदाने गेले. मला तरी काय माहीत!

ते गेल्याच्या तिसऱ्या दिवसाची दुपार. आम्ही दोघी अंगणात शेंगा सोलत बसलेलो. मोठाईला मोबाइल नातीने शिकवला होता, आणि नातीचं स्टेटस बघणं हा तिचा रोजचा नेम. तिने चष्मा नाकावर ओढला आणि फोन माझ्यापुढे धरला. "हे पाय बरं, हा आपला मंगेश नाई का?" मंगेशच होता. उंटावर. मागे वाळूचे डोंगर. पुढच्या फोटोत तंबू, त्यापुढच्यात सगळे ओळीने वाळू चढताना, प्रवीण सगळ्यांच्या पुढे. मोठाई एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघत होती. शेवटी म्हणाली, "अशीच राह्यते. भाऊ सांगे तशीच." मग फोन पालथा ठेवला आणि शेंगा हातात घेतल्या. मूठभर दाणे काढून म्हणाली, "म्या इचारलं नाई ना. इचारलं असतं तं सांगतलं असतं त्याईनं."

माय वं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरात जाऊन मंगेशला फोन लावला. पलीकडे ढोलक वाजत होतं. तो म्हणाला, "अवं ताई, आईनं इचारलं असतं तं सांगणारच होतो. खोटं थोडी बोललो आमी?" म्हणजे ठरवून! ती विचारणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिच्या रीतीवरच पाय देऊन गेले. मी म्हटलं, अरे, तिने आयुष्यभर हेच एक मागितलं. तर फोन प्रवीणने घेतला. "प्रॅक्टिकली विचार कर तू. तिचे गुडघे असे. सगळ्यांना तिच्या स्पीडने चालावं लागलं असतं. पोरांची ट्रिप खराब झाली असती. आणि गाडीत सीटही नव्हती." मी विचारलं, "नरनाळ्याले कोणाच्या पावलानं चढला होता रे तू?" तो म्हणाला, तू इमोशनल होते आहेस. मी फोन आपटला. मागे वळले तर मोठाई दारात उभी. "त्याईच्या मजेत कायले मीठ टाकतं? लेकरं हायेत संग." एवढं झाल्यावरही तिला त्यांच्याच मजेची फिकर.

ते परत आले तेव्हा मी निघून जाणार होते, तिने जाऊ दिलं नाही. नातवंडांना तिने आंघोळीला पाणी काढलं. पोरांचे बूट ओट्यावर पडले होते. मोठाई खाली बसली, एकेक बूट उचलून अंगणात उपडा करून झटकायला लागली. वाळू पडली. तिने चिमूटभर बोटांत घेऊन चोळून पाहिली. "लय बारीक हाये वं," मला म्हणाली, "पूर्णेची जाड राह्यते." मग झाडू घेतला आणि अंगण लोटून काढलं. तिच्या वाट्याला आलेलं जैसलमेर ते एवढं. थोरली सून आतून ओरडली, आई, बाकीचे बूट राहू द्या, कामवाली करेल.

मी हट्टाला पेटले. अमरावतीला येऊन नवऱ्याशी बोलले, सुट्टी टाकली, रेल्वेची तिकिटं काढली, आणि तिला फोन केला की मोठाई, आपण जाऊ, तू आणि मी, तुझ्या पावलाने, लागेल तेवढा वेळ. ती म्हणाली, "तुहा जीव मोठा हाये बाई. पण मले वाळू नव्हती पाह्यची. मले माया पोट्ट्याईसंग चालाचं होतं." मी समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. ती म्हणाली, "तिकिटं परत करून टाक. आता तिथं जाऊन कोणाले आवाज देऊ मी?"

त्यानंतर ती बसली. खरोखरच बसली. गच्चीवरच्या फेऱ्या बंद, भाजीबाजार बंद. मी पंधरवड्याला जायची तेव्हा खाटेवर भिंतीला टेकलेली दिसायची. मी बूट पुढे केले तर म्हणायची, "राहू दे, उद्या पाहू." डॉक्टर म्हणाले, हालचाल हवी, नाहीतर रक्त गोठेल. मंगेश म्हणायचा, आई ऐकतच नाही, हट्टी आहे. उन्हाळा लागता लागता ती गेली. डॉक्टरने काहीतरी इंग्रजी कारण लिहिलं. मला कारण माहीत आहे आणि मी ते कोणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे.

सांगितलंही. तेरवीचं जेवण झालं, सगळा गोतावळा मांडवात बसलेला, आणि प्रवीण उभा राहिला. म्हणाला, "आईच्या अस्थी आपण पूर्णेत सोडल्या, पण थोड्या मी ठेवल्या आहेत. तिचं आयुष्यभराचं स्वप्न होतं वाळवंट. आम्ही दोघं भाऊ तिला तिथं घेऊन जाणार आहोत." बायांनी डोळ्यांना पदर लावले. एक म्हातारे काका गहिवरून म्हणाले, "पोट्टे असावे तं असे." माझ्याने राहवलं नाही. मी जागेवरूनच म्हटलं, "प्रवीण, दिवाळीत ती जिवंत होती." माझ्या आत्याने दंडाला धरून मला खाली बसवलं. "हे बोलाची वेळ हाये का वं? त्याची माय मेली ना!"

गेले ते. विमानाने गेले. ग्रुपवर व्हिडिओ आला. मावळतीचा सूर्य, दोन्ही भाऊ अनवाणी, प्रवीणच्या हातात लाल फडक्यात बांधलेला लहानसा गडू, मागे रडकं संगीत. खाली नातेवाइकांच्या जोडलेल्या हातांची रांगच रांग लागली. आमच्या खानदानात हात जोडायचं कोणी राहिलं नाही. मी पूर्ण व्हिडिओ पाहिला आणि ग्रुप सोडला. आता कुठे लग्नकार्यात मोठाईचा विषय निघाला की लोक सांगतात, पोरांनी मायचं काय केलं पाहा, थेट वाळवंटात नेलं तिला. आणि ती अमरावतीची पुतणी, जिला मोठाईने एवढा जीव लावला, तिला साधे हात जोडता आले नाहीत.